शोक आणि कलावंताची रोजनिशी

शोकाची नोंद ठेवल्याने शोक शमतो काय, या प्रश्नाच्या विचारात जर्मन चित्रकर्त्री केथे कोलवित्स यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांचा १८ वर्षांचा पुत्र पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये रणात पडला. पित्याचा विरोध असता त्याच्या सैन्यप्रवेशासाठी रदबदली मातेनेच केली होती. १९०८ पासून चालविलेल्या रोजनिशीत त्या आता पुत्रशोकासमवेत त्याच्या स्मारकाचे संकल्पही नोंदवू लागल्या. प्रथम मृत पुत्राची आकृती योजिली होती. १९१९ मध्ये ते काम सोडून दिले, पुढे पुन्हा हाती घेतले. १९३२ मध्ये दफनभूमीत उभारलेल्या शिल्पात पुत्र कोठेच नाही. एकमेकांपासून विलग, गुडघे टेकलेले माता-पिता तेवढे आहेत. शोक शमला नाही. मात्र इतर पुत्रहीनांनाही तो आपला वाटावा, असे रूप त्यास लाभले.