माळवदाखालचा लेहरा

पहाटे साडेचारला ललत लावला. परभणीच्या जुन्या गावठाणातला आमचा वाडा अजून अंधारात होता. ओसरीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर बॉक्स भिंतीकडे तोंड करून ठेवलेले, चौकात एक सतरंजी आणि तिच्यावर आम्ही दोघं. तारीख ५ जुलै २०२५, आषाढ शुद्ध दशमी. उद्या एकादशी. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांना जाऊन त्या आठवड्यात दहा वर्षं होत होती, आणि त्यांच्या एकाच तबकडीवर दहा राग आहेत. दिवसभरात ज्या रागाची जी वेळ त्या वेळी तो वाजवायचा, तोही एका बाजूने नव्हे तर चारही अंगांनी, असं मी बरेच महिने मनाशी धरलं होतं.

बॉक्स मंडपवाल्या मामांचे. पहिली दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "सर, आवाज कुठून यायलाय तेच कळंना गेलंय."

तेच हवं होतं. बॉक्सचं तोंड माणसाकडे केलं की कान लगेच बॉक्सकडे बोट दाखवतो. तोंड भिंतीकडे केलं की आवाज आधी भिंतीला लागतो आणि मग घर वाजायला लागतं. आमचं घर माळवदाचं आहे: पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी तुळया, वर मातीचा थर. सिमेंटच्या खोलीत तीव्र स्वर टणटणत राहतात. मातीची भिंत ते पिते आणि खर्ज मात्र फिरत ठेवते. ललतात पंचम नसतो, दोन मध्यम एकापाठोपाठ येतात. त्या अंधारात ते दोन मध्यम तुळयांवरून सरकत गेल्यासारखे वाटले. खाली, अगदी खाली, एक यंत्र सोळा सोळा पावलांची एकच ओळ घोळवत होतं.

त्या यंत्राबद्दल लिहायचं आहे, आणि ज्यांनी ते रागाच्या कामाला लावलं त्या माणसाबद्दल.

चरणजीत सिंग यांचा जन्म १९४० चा. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात ते वादक होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सगळ्यांच्या ताफ्यात. गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड हा विजेचा अकॉर्डियन आणि पुढे सिंथेसायझर. गाणं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, वादकाचं नाव मात्र तबकडीच्या वेष्टनावर नसतं. त्या पिढीतले बहुतेक वादक असेच, ऐकले गेलेले पण ओळखले न गेलेले.

मुंबईच्या या वादकांना विजेच्या वाद्यांचं वावडं कधीच नव्हतं, हे आपण विसरतो. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन ही बीन नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, जोडीला रवी यांची हार्मोनियम. आमच्याकडे वरातीत बँडवाल्यांनी ती धून धरली की पोरं रुमाल तोंडात धरून जमिनीवर लोळतात. सत्तर वर्षं मराठवाड्याच्या रस्त्यांवर जी पुंगी वाजते आहे, तिचा जन्म दिव्याच्या नळ्यांतून झाला! पुढे केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणात आणला. म्हणजे चरणजीत सिंग आकाशातून पडले नाहीत. ते एका चालत आलेल्या वाटेवर होते.

१९८१ च्या सुमारास त्यांच्या हाती तीन जपानी यंत्रं आली, तिन्ही रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर काढणारा सिंथेसायझर. टीआर-८०८ हे तालयंत्र. आणि टीबी-३०३ ही चंदेरी प्लास्टिकची छोटी पेटी, जिचं काम होतं बेस गिटारची नक्कल करणं.

नक्कल तिला जमली नाही. बेस गिटारच्या तारेत जे मांस असतं ते तिच्या आवाजात नव्हतं. पेटीत स्वर निर्माण करणारं एकच मंडल. त्याची लहर एका बटणाने दोन प्रकारची करता येते, करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी. ती लहर एका गाळणीतून जाते. गाळणीची सीमा कुठे, त्या सीमेवर स्वर किती घुमायचा, गाळणी किती उघडायची आणि किती वेगाने मिटायची, यासाठी वर गोल बटणांची रांग. ओळ वाजवायची नाही, भरायची. आधी सगळ्या मात्रांचे स्वर क्रमाने द्यायचे, मग दुसऱ्या फेरीत कोणती मात्रा वाजायची, कोणती लांबवायची, कोणती रिकामी सोडायची ते सांगायचं. कोणत्या स्वरावर जोर आणि कोणत्या स्वरावरून पुढच्यावर घसरत जायचं, तेही भरायचं. ही दोन फेऱ्यांची पद्धत इतकी किचकट की पुष्कळांच्या पेट्या कपाटात गेल्या. १९८४ पर्यंत कंपनीने हे यंत्र बनवणं थांबवलं.

ऐकणाऱ्याने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सोळा घरं आहेत, ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला किंवा सारंगिया तीनतालात सोळा मात्रांची एक ओळ धरून बसतो, तासभर तीच ओळ, तिला आपण लेहरा म्हणतो. जपानी अभियंत्याच्या डोक्यात तीनताल नव्हता, त्याची सोळा पावलं चार ठोक्यांच्या एका पट्टीची बारीक वाटणी आहे, हे कबूल. पण मुंबईतल्या माणसाच्या कानाला त्या फिरत्या ओळीत लेहरा ऐकू आला असणार, असं मला ही तबकडी ऐकताना दर वेळी वाटतं. फरक इतकाच की तबलावादनात लेहरा स्थिर आणि तबला हिंडतो. इथे लेहरा आणि ताल दोन्ही यंत्राने बांधून ठेवले आहेत, आणि हिंडतोय ज्युपिटरवरचा उजवा हात.

१९८२ साली मुंबईत हे ध्वनिमुद्रण झालं. एचएमव्हीने काढलेल्या तबकडीचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. त्या वेळी डिस्को जोरात होता आणि बाजारपेठ तिकडेच डोळे लावून होती. तबकडी चालली नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्याला ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्याला ती रागदारी.

सहा वाजता भैरव. या एकाच तुकड्यात यंत्रातून मानवी आवाजासारखा शिवाचा जप येतो, आणि तो वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आला तेव्हा आत्या माजघरातून बाहेर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायला घेतले.

तोडीला मात्र निराशा झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तोडीचा गंधार कोमलापेक्षाही खाली लागतो, तो तसा लागला तरच तोडी. ज्युपिटरच्या पट्ट्या बारा समान भागांत कापलेल्या. हा झगडा आपल्याकडे जुना आहे. याच कारणासाठी १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला तीन दशकं दार बंद ठेवलं होतं. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने ती पेटी गाती केली होती तरीही. चरणजीत सिंग एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन पट्ट्यांमधली भेग भरू पाहतात, पण तोडीत ती भरत नाही. भूप, कलावती, मालकंस हे पाच स्वरांचे राग जिथे आले तिथे मात्र यंत्र आणि राग एकमेकांना शोभतात. स्वर कमी, मोकळी जागा जास्त, आणि त्या जागेत खर्जाची ओळ श्वास घेते.

दुपारी मधुवंती झाल्यावर गल्लीतले पखवाजी काका आले. उद्याच्या भजनाला पखवाज लागणार होता, म्हणून कणीक भिजवून घेऊनच आले होते. टीआर-८०८ चा खर्जाचा ठोका ऐकून त्यांनी मान हलवली. "याला कणीक जास्त लागलीय."

याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओल्या कणकेचा लेप देतात. लेप वाढवला की चामडं जड होतं आणि घुमारा खाली उतरतो. टीआर-८०८ मध्ये चामडं नाही. एक विजेचं मंडल एका धक्क्याने डोलायला लागतं, साधारण ५० हर्ट्झला, आणि हळूहळू विझतं. ते किती वेळात विझावं यासाठी एक बटण आहे. काकांना मी ते बटण चित्रात दाखवलं. त्यांनी लेपावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मग हे बटन म्हणजे आमचा अंगठा."

५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर, आमच्या चौकाच्या रुंदीएवढीच. त्यामुळे काही ठिकाणी ठोका छातीत बसतो आणि दोन पावलं सरकलं की नाहीसा होतो. मामांनी तर चौकात चालून चालून ठोक्याच्या जागा शोधल्या आणि तिथे खडूने फुल्या मारल्या. न्यूयॉर्कमध्ये चर्च स्ट्रीटवर ला मॉन्ट यंग आणि मारियन झझीला यांनी 'ड्रीम हाऊस' नावाची खोली केली आहे, तिथेही हेच. अखंड चालणारे स्वर, आणि मान हलवली की बदलणारं संगीत. दोघंही किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. ज्या घराण्याचा तानपुरा मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या खोलीत घुमला, त्याच घराण्याच्या सुरांवर तिकडे विजेची खोली उभी राहिली. त्याआधी १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्सच्या मंडपात एडगर वारेझचं संगीत शेकडो स्पीकरांतून भिंतींवरून फिरवलं होतं. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग यंत्र बसलं, गीता साराभाईंसारख्या मंडळींनी त्यावर काम केलं, आणि १९७२ नंतर ते थांबलं. चरणजीत सिंग यांच्या वाट्याला संस्था नव्हती. त्यांच्याकडे यंत्रं होती, बोटं होती आणि स्टुडिओत मिळालेला वेळ.

१९८७ साली शिकागोत फ्यूचर या चमूने 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली तीच चंदेरी पेटी, गाळणीची बटणं वाजतावाजता फिरवलेली, आणि त्यातून अ‍ॅसिड हाऊस नावाचा नाचाचा प्रकार जगभर गेला. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला चरणजीत सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली, आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. पाश्चात्त्य श्रोते चक्रावले. कुणी ही बनावट आहे म्हणाले, कुणी चरणजीत सिंग यांना अ‍ॅसिड हाऊसचा जनक ठरवून मोकळे झाले. शेवटच्या काही वर्षांत युरोपच्या मंचांवर तरुण पोरं त्यांच्यासमोर नाचली. सत्तरी गाठलेल्या माणसाला हे मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण जनक ही पदवी मला खटकते. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. त्यांनी स्वतःचा शोध स्वतः लावला. आणि चरणजीत सिंग शिकागोच्या दिशेने चाललेच नव्हते. पाच वर्षं आधी पोहोचले म्हणून त्यांचं कौतुक करायचं, तर त्यांच्या कामाची किंमत दुसऱ्याच्या कॅलेंडरवर ठरते. त्यांच्या कामाला स्वतःचं घड्याळ आहे: ललतची पहाट, मधुवंतीची उतरती दुपार, मालकंसाची मध्यरात्र. तबकडीवर हे राग वेळेच्या क्रमाने नाहीत, एका बैठकीत ऐकले तर ते एकाच चालीचे दहा तुकडे वाटतात. म्हणून तर हा दिवसभराचा खटाटोप.

मेघमल्हार कधी लावायचा यावर थोडी चर्चा झाली. मामा म्हणाले, पाऊस आल्यावर. काका म्हणाले, पाऊस यावा म्हणून. गावाबाहेर सोयाबीन नुकतंच वर आलेलं, त्यामुळे काकांचं मत जड ठरलं. चारच्या सुमारास लावला. आत्या म्हणाल्या, "अजून एकदा लावा," आणि लावला.

दिवेलागणीला यमन आणि भूप. बाहेरून विठ्ठलमंदिरातले टाळ ऐकू यायला लागले होते. भूपाच्या दुसऱ्या मिनिटाला यंत्राचा ठोका आणि टाळ काही आवर्तनं एकत्र पडले, मग सुटले. आम्ही आवाज कमी केला नाही, मंदिरातूनही कुणी काही म्हणालं नाही.

कलावतीनंतर जेवणं झाली. मध्यरात्री मालकंस ऐकायला मी आणि मामाच उरलो. ते मगाशी मारलेल्या एका खडूच्या फुलीवर उभे राहिले आणि तुकडा संपेपर्यंत हलले नाहीत.

तबकडीवरचा शेवटचा राग बैरागी, सकाळचा. तो एकादशीला लावायचा होता. मामांना पहाटे मंदिरात बॉक्स पोचवायचे होते, तीन त्यांनी रात्रीच गाडीत घातले. चौथा ओसरीत ठेवला, तोंड भिंतीकडे, आणि जाताना सांगून गेले, "सात वाजेपर्यंत वाजवा. मग घेऊन जातो."