हजार यार्डांची रायफल

नेमबाजीच्या मैदानावर एक गृहस्थ पालथा पडून दुर्बिणींतून समोर पाहत आहे. त्याचें लक्ष्य हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरांवर उभें आहे. झपाझप चालणाऱ्या माणसास तेथवर पोंचण्यास नऊ-दहा मिनिटें लागतील. लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १० इंच व्यासाचें, घरांतील जेवणाच्या ताटाहून लहान. गोळी सुटल्यापासून तेथें जाईपर्यंत सुमारें दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळांत पृथ्वी तिला दुमजली घराच्या उंचीइतकी खालीं ओढते, आणि ताशीं एक मैल वेगाची नुसती आडवी झुळूकही तिला पांच-सहा इंच बाजूस सारते. अशा खेळासाठीं कांहीं नेमबाज दुकानांतली तयार रायफल न घेतां ती कारागिराकडून घडवून घेतात. इतकेंच नव्हे, तर कोणताही कारखाना बनवीत नाहीं अशा काडतुसासाठीं ती घडवून घेतात. ही हौस कशासाठीं, आणि तिची किंमत कोणती, हें पाहण्यासारखें आहे.

कारखान्यांत न बनणाऱ्या या काडतुसास इंग्रजींत ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, असें म्हणतात. नांव चपखल आहे, कारण तें कोणाच्याही घरचें पाळलेलें नसतें. एखाद्या प्रचलित काडतुसाची पितळी पुंगळी घ्यावयाची, तिची मान आवळून लहान किंवा फुगवून मोठी करावयाची, आणि तींत वेगळ्या मापाची गोळी बसवावयाची, ही याची सर्वसाधारण रीत. अमेरिकन सैन्यानें १९०६ मध्यें स्वीकारलेल्या ‘.३०-०६’ या काडतुसापासून अशीं कितीतरी भावंडें जन्मास आलीं. त्यांतील ‘.२५-०६’ हें नीडनर नांवाच्या कारागिरानें १९२० च्या सुमारास पुढें आणलें, आणि रेमिंग्टन कंपनीनें तें आपल्या यादींत घेतलें १९६९ मध्यें! जवळजवळ अर्धें शतक तें काडतूस केवळ हौशी लोकांच्या हातांवर जगलें.

लांब पल्ल्याच्या शर्यतींत गाजलेलें उदाहरण ‘६.५-२८४’ याचें होय. १९६३ मध्यें विंचेस्टर कंपनीनें ‘.२८४’ हें ७ मिलिमीटर गोळीचें काडतूस काढलें. त्याची पुंगळी आंखूड पण अंगानें भरलेली होती. बाजारांत तें फारसें चाललें नाहीं. परंतु नेमबाजांच्या डोळ्यांत ती पुंगळी भरली. त्यांनीं तिची मान ६.५ मिलिमीटरच्या गोळीपुरती आवळली, आणि हजार यार्डांच्या मैदानावर तिनें नांव मिळविलें. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधील नॉर्मा कंपनीनें त्याचीं मापें रीतसर ठरवून घेतलीं आणि रानमांजर माणसाळलें.

या खटाटोपाचें मूळ कारण हवा हें आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, वेगानें जाणाऱ्या गोळीस हवेचा होणारा विरोध हा त्या काळच्या विद्वानांच्या कल्पनेपेक्षां फारच मोठा असतो. हाच रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनियर म्हणून हिंदुस्थानांत आला आणि १७५१ मध्यें मद्रासच्या दक्षिणेस, कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला. हवेचा विरोध कमी करावयाचा तर गोळी सडपातळ, लांब आणि अणकुचीदार हवी. पण लांब गोळी हवेंत कलंडूं पाहते. भोंवरा फिरत असतो तोंवर उभा राहतो, त्याच न्यायानें गोळीस स्वतःभोंवतीं गरगर फिरवावें लागतें. यासाठींच नळीच्या आंत पीळदार खाचा कोरतात. गोळी जितकी लांब तितका पीळ जलद हवा, हा हिशोब ग्रीनहिल या गणितज्ञानें १८७९ मध्यें सोप्या सूत्रांत बसविला. ६.५ मिलिमीटरच्या लांब गोळीस सुमारें ८ इंचांत एक फेरा देणारी नळी लागते. सेकंदाला सुमारें २९०० फूट वेगानें निघालेली ती गोळी मग सेकंदाला चार हजारांहून अधिक गिरक्या घेते.

कारखान्याची रायफल वाईट असते असें नव्हे. परंतु तिला हजारों गिऱ्हाइकांचीं आणि निरनिराळ्या कंपन्यांचीं काडतुसें सामावून घ्यावयाचीं असतात. म्हणून नळीच्या मागील भागांत काडतुसाचें जें घर कोरलेलें असतें, तें थोडें सैल ठेवावें लागतें. तयार कपड्याचें आणि शिंप्याकडील कपड्याचें जें नातें, तेंच येथें आहे. कारागीर एकाच काडतुसाच्या मापानें घडविलेलें कोरणें घेऊन तें घर कोरतो. नळीचा मध्य, घराचा मध्य आणि काडतुसामागें बसणाऱ्या बोल्टाचें तोंड हीं एका रेषेंत यावींत, यासाठीं तो लेथवर तासन् तास घालवितो. त्याचीं मापें इंचाच्या हजाराव्या भागांत चालतात. गोळी नळींत तिरपी शिरली, तर पुढें कोणतीही दुर्बीण तो दोष भरून काढूं शकत नाहीं.

आतां या हौसेची दुसरी बाजू. बार उडतांना त्या घरांत दर चौरस इंचास साठ हजार पौंडांच्या आसपास दाब निर्माण होतो, आणि नेमबाजाचा गाल तेथून वीतभरच दूर असतो. पितळी पुंगळी क्षणभर फुगून घराच्या भिंतीस चिकटते व धगधगता वायू मागें येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच ती पुन्हां आंखडते. घर थोडें अधिक लांब झालें तर पुंगळी ताणून फाटते. दारू थोडी अधिक झाली तर पोलादही दगा देतें. प्रचलित काडतुसाच्या बाबतींत हीं सर्व मापें संस्थांनीं ठरविलेलीं असतात आणि कारखाने तीं तपासून घेतात. रानमांजराच्या पाठीशीं असें कोणीच नसतें. पी. ओ. ॲक्ले या अमेरिकन कारागिरानें दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक लष्करी रायफलींत मुद्दाम दाब वाढवीत नेऊन त्या फोडून पाहिल्या. त्या प्रयोगांचें मोल एवढ्यासाठीं कीं, कोणती रायफल किती सोसते याविषयींच्या ऐकीव गोष्टींच्या जागीं प्रत्यक्ष परीक्षा आली. जो मनुष्य कारखान्याची चाकोरी सोडतो, त्यानें कारखान्याची जबाबदारीही स्वतःच्या शिरावर घेतलेली असते.

आणखी एक किंमत मोजावी लागते. पुष्कळ दारूचा तप्त वायू अरुंद नळींतून जातांना आंतील पोलाद झिजवितो. ‘६.५-२८४’ च्या नळीची शर्यतीच्या दर्जाची अचूकता साधारणतः हजार-बाराशे बारांतच ओसरूं लागते. गोळी नळींत असते सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून किंचित् अधिक काळ. म्हणजे महिनोन् महिने खपून घडविलेल्या नळीचें सारें कामाचें आयुष्य एकत्र केलें, तर तें दोन सेकंदही भरत नाहीं! पुढें पुष्कळ नेमबाज पुन्हां मूळच्या ‘.२८४’ च्या ७ मिलिमीटर गोळीकडे वळले, याचें एक कारण नळीचें हें अल्पायुष्य होय.

भारतांत १९५९ च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावाचून बंदूक घडविण्यास मनाई आहे. तेव्हां घरच्या कारखान्यांत करावयाचा हा उद्योग नव्हे. पण त्यामागील शास्त्र आपणांस परकें नाहीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें जागतिक अजिंक्यपद आणि त्याच जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ मध्यें पॅरिस ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें, तें ५० मीटरांवरील रायफलीच्या नेमबाजींत. तेथील दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचें असतें. अंतराच्या मानानें पाहिलें, तर तें हजार यार्डांवरील त्या ताटाहूनही बारीक ठरतें. तेथें रायफलीचें काडतूस लहान आणि माणसाळलेलें असतें, इतकाच काय तो फरक. नळी झिजते आणि बदलतां येते. परंतु प्रत्येक माप स्वतः तपासल्यावांचून चापावर बोट न ठेवण्याची संवय कोणत्याही कारखान्यांतून विकत मिळत नाहीं.