नैराश्य स्वीकारणे म्हणजे हार मानणे नव्हे

घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकू येते: "चळवळीतल्या माणसाने खचून कसं चालेल?" १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारा, विहारात मुलांची अभ्यासिका चालवणारा तरुण आतून तुटलेला असतो, पण या वाक्याच्या धाकाने तो कुणाला सांगत नाही.

दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. हा आळस नाही, बुजदिली नाही, आजार आहे.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण लागतो, वेदना होते. त्यावर आपण शोक, चरफड करतो, तो दुसरा बाण. नैराश्य हा पहिला बाण धरला, तर "मीच कमजोर, मी समाजाला तोंड कसं दाखवू" हा दुसरा. स्वीकार म्हणजे हा दुसरा बाण स्वतःला न मारणे.

स्वीकार म्हणजे नशिबाला शरण जाणेही नव्हे. आजचे दुःख पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, ही शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये नाकारली आहे. जातीचा अपमान, बेरोजगारी, घर तुटण्याची भीती यांनी मन खचते. आजार मान्य करून उपचार घ्यावेत आणि या कारणांविरुद्धचा लढाही चालू ठेवावा.

नैराश्य अनेकांना पुन्हा पुन्हा येते. ते परतू नये म्हणून सिगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी सजगतेवर आधारित उपचारपद्धती विकसित केली. मनात आलेला विचार हा केवळ विचार आहे, सत्य नव्हे, हे पाहायला ती शिकवते. मात्र ध्यान हा औषधाला पर्याय नाही. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी दहा दिवसांचे शिबिर करू नये, असे विपश्यना केंद्रेच सांगतात. त्यामुळे गोराईच्या पॅगोडाकडे बोट दाखवून कुणाच्या गोळ्या बंद करू नका. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सोडू नयेत.

पश्चिम उपनगरात कूपर आणि मध्य रेल्वेच्या बाजूला सायन रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील, तर आजच फोन करा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे.

विहारात रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयासाठी ठेवा. सहकारी बैठकीला यायचा बंद झाला, तर कारणे दाखवा विचारू नका. त्याच्या घरी जा, सोबत चहा घ्या, दवाखान्यात बरोबर चला. संघाला शरण जाण्याचा एक अर्थ हाही आहे.