विश्लेषण : जगात एकच प्रत, तीही पुसट होतेय... व्हिडिओ गेमच्या ‘प्रोटोटाइप’ कॅसेट वाचवतात कशा?

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचे गाव. तिथली वसाहत असो वा राज्यातील दुसरी कुठलीही कॉलनी, नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याची कॅसेट आठवतेच. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. (काम व्हायचे ते पुन्हा खोचल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातूच्या पट्ट्या गंजायच्या.) एक हरवली तर बाजारात तशीच दुसरी मिळे. पण काही कॅसेट अशा आहेत, ज्यांची जगात एक किंवा दोनच नग शिल्लक आहेत. त्यातला मजकूर दिवसेंदिवस आपोआप नाहीसा होतो आहे.

प्रोटोटाइप कॅसेट म्हणजे काय?

गेम बाजारात येण्याआधी कंपनी चाचणीसाठी, प्रदर्शनात दाखवण्यासाठी किंवा मासिकांच्या परीक्षकांना देण्यासाठी मोजक्या कॅसेट हाताने तयार करायची. तोच हा प्रोटोटाइप. त्यात नंतर गाळलेले टप्पे, वेगळी चित्रे, अर्धवट संगीत सापडते. कित्येकदा तो गेम पुढे रद्दच झालेला असतो. मग ही एक कॅसेट हाच तो गेम असल्याचा एकमेव पुरावा उरतो.

‘सिमसिटी’चे उदाहरण बोलके आहे. निन्टेंडोने हा शहर उभारणीचा गेम सुपर निन्टेंडोसाठी १९९१ मध्ये विक्रीस आणला. त्याच सुमारास जुन्या एनईएस यंत्रासाठीची आवृत्तीही तयार होत होती, ती मात्र रद्द झाली. पुढची पंचवीसेक वर्षे ती कुणाच्या हाती लागली नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत तिच्या दोन कॅसेट समोर आल्या. ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ या संस्थेने त्यातील डेटा उतरवून घेतला आणि २०१८ च्या अखेरीस तो सर्वांसाठी खुला केला.

डेटा आपोआप कसा पुसला जातो?

दुकानातल्या कॅसेटमधील चिपमध्ये गेम कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. त्याला ‘मास्क रॉम’ म्हणतात. चार-सहा प्रतींसाठी असा साचा बनवणे परवडत नाही, म्हणून प्रोटोटाइपमध्ये ‘ईपीरॉम’ वापरत. या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. आत लाखो सूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवले की शून्य, रिकामा ठेवला की एक. खिडकीतून अतिनील किरण सोडले की सगळे इलेक्ट्रॉन निसटतात आणि चिप पुन्हा कोरी होते. डेव्हलपरसाठी ही सोय होती, कारण चूक सापडली की पुसा आणि नव्याने लिहा.

हीच सोय आता मुळावर आली आहे. खिडकीवर स्टिकर नसेल तर थेट उन्हात अशी चिप साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत पुसली जाऊ शकते, असे उत्पादकांच्याच माहितीपत्रकांत नमूद असे. अंधारातही इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपत राहतात. या चिपकडून अपेक्षा होती ती काही वर्षांची. त्यांना आता तीस-पस्तीस वर्षे झाली आहेत. बाहेरून कॅसेट नवीकोरी दिसते, आतले बिट मात्र एकेक करून शून्याचे एक झालेले असतात.

नक्कल कशी करतात?

तत्त्व सोपे आहे. पोस्टमनने चाळीतल्या प्रत्येक खोलीचे दार वाजवून ‘कोण राहते?’ विचारावे, तसे रीडर यंत्र चिपला एकेका पत्त्यावरील बाइट विचारते आणि उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवते. ३२ केबीच्या चिपसाठी १५ तारांवरून ३२,७६८ पत्ते. गाजलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० केबीचा आहे. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ प्रभात’चा फोटोही त्याहून मोठा असतो. वाचायला लागतो फार तर मिनिटभर. असा रीडर आर्डुइनोवर घरीही बनवता येतो.

खरी मेख पडताळणीत आहे. प्रत्येक फाइलचा ‘हॅश’ काढतात, म्हणजे तिच्या बोटांचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. बाजारात आलेल्या गेमचा ठसा इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी जुळवता येतो. प्रोटोटाइपला जोडीदारच नसतो. म्हणून तीच चिप पुन्हा पुन्हा वाचतात, पट्ट्या साफ करून वाचतात, कधी व्होल्टेज किंचित कमी-जास्त करून वाचतात. दर वेळी ठसा वेगळा आला तर समजायचे की काही कप्पे काठावर आहेत. मात्र एखादा बिट पूर्णपणे पालटला असेल, तर शंभर वेळा वाचूनही तीच चूक शंभरदा मिळते. तिथे मग कोड वाचून अंदाज बांधणारा माणूसच लागतो. म्हणून नक्कल आज करणे आणि दहा वर्षांनी करणे, यात फरक पडतो.

मग अडते कुठे?

बहुतेकदा तंत्रावर नाही, मालकावर. दुर्मीळ कॅसेटला लिलावात मोठी किंमत येते आणि डेटा सर्वांना मिळाला तर आपल्या नगाचे मोल घसरेल, अशी काही संग्राहकांना धास्ती वाटते. पण कपाटात बंद राहून चिप कोरी झाली, तर हाती उरते प्लास्टिकचे खोके. याउलट जपानच्या ‘मदर’ या गेमचे पाहा. त्याची इंग्रजी आवृत्ती १९९० मध्ये तयार होऊन रद्द झाली. चाहत्यांनी पैसे गोळा करून तिच्या प्रोटोटाइपमधील डेटा १९९८ मध्ये उतरवला. निन्टेंडोने हा गेम इंग्रजीत अधिकृतपणे आणला तो थेट २०१५ मध्ये. मधली १७ वर्षे तो टिकला तो त्या नकलेवर.

दुसरी अडचण कायद्याची. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीरपणे मिळवलेल्या संगणक प्रोग्रामची प्रत वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी करता येते. इंटरनेटवर टाकायची तर हक्कधारकाची परवानगी हवी, मग कंपनी बंद पडलेली का असेना. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण मूळ प्रत ‘बिगरडिजिटल’ असेल तरच. पुस्तक त्यात बसते. कॅसेट मुळातच डिजिटल असल्याने बसत नाही. अमेरिकेतही जतन केलेले गेम ग्रंथालयांनी संशोधकांना घरबसल्या पाहू द्यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत, असे याच फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळले होते.

कोकणातल्या माळ्यावरच्या कॅसेटचे काय?

आपल्याकडे मिळणाऱ्या ‘अमुक इन १’ कॅसेट बहुतांशी विनापरवाना नकला होत्या, त्यामुळे वरची कायदेशीर मुभा त्यांना लागू होईलच असे नाही. तरीही त्यातल्या काहींत चीन-तैवानमधील छोट्या कंपन्यांचे, अन्यत्र न मिळणारे गेम असतात आणि जगभरचे अभ्यासक तेही उतरवून ठेवतात. या कॅसेट उघडल्या की चिपऐवजी काळ्या रेझिनचा ठिपका दिसतो. त्याखालच्या केसाहून बारीक तारा दमट हवेने गंजल्या, तर आतला डेटा शाबूत असूनही बाहेर काढता येत नाही. चपलांना बुरशी धरणाऱ्या कोकणच्या पावसाळ्यात ही भीती अधिक.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील पुस्तकांचे मोठे नुकसान झाले. त्यातल्या काही पुस्तकांची दुसरी प्रत अन्य गावातल्या वाचनालयात मिळू शकते. ईपीरॉमला अशी दुसरी प्रत नसते, कुणी आधीच केली असेल तेवढीच.

माळा आवरताना जुनी कॅसेट सापडलीच, तर लगेच यंत्रात खोचू नये. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसाव्यात, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावी. आणि उघडल्यावर चिपवर काचेची खिडकी दिसली, तर आधी तिच्यावर काळी टेप लावावी. वरचा स्टिकर सुटत असला तरी काढून टाकू नये. गेमचे नाव आणि तारीख अनेकदा त्यावरच हाताने लिहिलेली असते.