ऊसतोडणी मजूर आणि त्यांचे हक्क



आपण सकाळच्या चहांत जी साखर घालतों, तिच्यामागें एक मोठें स्थलांतर असतें. दसरा-दिवाळी उरकली कीं बीड-जालन्याकडील व आपल्याच पैठण-कन्नड तालुक्यांतील असंख्य कुटुंबें बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. परदेशीं मजुरीस गेलेल्यांचे हाल वर्तमानपत्रांत येतात. राज्यांतल्या राज्यांत परदेशी झालेल्या या माणसांकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच जातें.

प्रथम व्यवहार समजून घेऊं. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. हिशेब हत्याराचा, माणसांचा नव्हे! हंगामापूर्वीं मुकादम कोयत्यास ‘उचल’ देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटावयाची असते. 2024 च्या जानेवारींत तोडणीचा दर टनामागें 273 वरून 366 रुपयांवर नेण्याचें ठरलें. वाढ लहान नव्हे. परंतु एक दिवस आजारी पडलें तरी ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो आणि हंगामाअखेर उरलेली उचल पुढील वर्षाच्या मानेवर बसते.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. आगाऊ रक्कम घेणें हा गुन्हा नव्हे. परंतु त्या रकमेपायीं मजुराची दुसरें काम पत्करण्याची मोकळीक गेली, अथवा त्यास किमान वेतनाहून कमी मिळूं लागलें, तर ती वेठबिगारी होय. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें असें कर्ज फेडण्याची जबाबदारीच नष्ट केली आहे. 1982 मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर घेतलेलें काम हें सक्तीचें काम होय, असा निर्णय दिला. ज्याला मुकादमानें उचलीसाठीं अडकवून ठेविलें आहे, त्यानें अगर त्याच्या नातलगानें तहसीलदाराकडे वा जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागावी.

दुसरा कायदा 1979 चा, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा. ठेकेदारास परवाना, कामगारांची नोंद, प्रवासखर्च व स्थलांतर-भत्ता अशा तरतुदी त्यांत होत्या. मौज अशी कीं, बीडहून बेळगांवास गेलेला कोयता त्याच्या कक्षेंत येई. कोल्हापुरास गेलेला येत नसे. पुढें हा कायदा 2020 च्या संहितेंत सामावला गेला, तरी राज्याच्या सीमेची ती अट राहिलीच. शिवाय मजूर आमचा नव्हे, मुकादमाचा, असें कारखान्यानें म्हणावें, आणि मुकादमानें कारखान्याकडे बोट दाखवावें! फिलिपाईन्सनें 1995 मध्यें परदेशीं जाणाऱ्या आपल्या कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा केला व माणूस पाठविणाऱ्या दलालासहि परदेशीं मालकाइतकेंच जबाबदार धरलें. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालें, हें चांगलेंच. परंतु मजुराचा धनी कोण हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

स्त्रियांची गोष्ट बोलावयास कठीण आहे, पण टाळणेंहि योग्य नव्हे. बीड जिल्ह्यांतील तोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल 2019 मध्यें शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. सुमारे 82 हजार स्त्रियांच्या पाहणींत तेरा हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. पहाटे फडांत उतरावयाचें, डोक्यावर मोळी वाहावयाची, कोपीजवळ न्हाणीघर नाहीं, आणि विश्रांति घ्यावी तर खाडा. अशा स्थितींत वैद्याचा अविचारी सल्लाहि सोयीचा वाटूं लागतो.

मुलांविषयीं मला अधिक सांगतां येईल. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरे, तेव्हां हजेरीपटावरील कित्येक नांवांपुढें शून्यें पडूं लागत. अशा मुलांसाठीं गांवांत हंगामी वसतिगृहें असतात. मूल आजीजवळ राहून तेथें जेवतें व शाळेंत जातें. ज्यांना मूल सोबत न्यावेंच लागतें, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास कारखान्याजवळील शाळेंत वर्षाच्या मध्यावरहि प्रवेश मिळाला पाहिजे. दाखला मागाहून आला तरी चालतो. तो नाहीं म्हणून मुलास परत पाठवितां येत नाहीं. शिधापत्रिकेवरील धान्यहि आतां दुसऱ्या गांवच्या दुकानांत घेतां येतें. निघतांना ती पत्रिका व सर्वांचीं आधारपत्रें बरोबर ठेवावीं, आणि उचलीची रक्कम व तोडलेले टन घरांतील लिहितांवाचतां येणाऱ्या मुलाकडून रोजच्या रोज वहींत टिपून घ्यावे. तक्रारीच्या वेळीं त्या वहीचा मोठा उपयोग होतो.