कॅमेऱ्याआधीची तयारी : बँकॉकमधील चित्रीकरण

पडद्यावर परदेशातील शहर दोन-तीन मिनिटे झळकते आणि प्रेक्षक सुखावतो. त्या दोन-तीन मिनिटांमागे किती अर्ज, किती याद्या आणि आकाशाकडे लागलेले किती डोळे असतात, याची त्याला कल्पना नसते. असण्याचे कारणही नाही. परंतु आता आपल्या घरांतील मुले-मुलीही छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, वेशभूषा अशा कामांसाठी चित्रपथकांबरोबर परदेशी जाऊ लागली आहेत. तेव्हा हा व्यवहार चालतो तरी कसा, हे आईवडिलांनीही जाणून घेणे इष्ट होय. उदाहरणादाखल बँकॉक घेऊ.

हे शहर परक्या पथकांना नवखे नाही. १९७४ चा बाँडपट 'द मॅन विथ द गोल्डन गन' आणि १९७८ चा 'द डियर हंटर' यांतील प्रसंग तेथे चित्रित झाले. १९८४ च्या 'द किलिंग फील्ड्स'मध्ये तर थायलंडनेच कंबोडियाचे सोंग घेतले. परदेशी पथकाला तेथील पर्यटन विभागाच्या फिल्म ऑफिसची परवानगी घ्यावी लागते, आणि तिचा अर्ज त्या विभागाकडे नोंदलेल्या स्थानिक समन्वयकामार्फतच जातो. सोबत कथानक, स्थळांची यादी, दिवसवार वेळापत्रक आणि पथकातील माणसांची नावे द्यावी लागतात. राष्ट्र, धर्म व राजघराणे यांचा अवमान होईल असे काहीही चालत नाही. राजाच्या बदनामीस ३ ते १५ वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. नोटेवर राजाची प्रतिमा असते. म्हणून पैसे पायदळी तुडवण्याचा साधा विनोदही तेथे अंगाशी येऊ शकतो.

सामानाचे निराळे शास्त्र आहे. कॅमेरे, भिंगे, दिवे हे सारे तात्पुरते नेऊन परत आणायचे असल्यास 'एटीए कार्ने' नावाचे कागदपत्र काढतात. भारतात ते 'फिक्की' ही संस्था देते. प्रत्येक वस्तू तिच्या क्रमांकासह यादीत असावी, आणि यादीतील प्रत्येक वस्तू परत यावी. एखादे भिंग मागे राहिले, तर त्याचे शुल्क भरण्याची पाळी येते. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानात हातसामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० पर्यंतच्या दोनच, त्याही विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात. वीज मात्र आपल्यासारखीच ५० हर्ट्झची असल्याने शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला की ट्यूबलाइटची थरथर टळते.

आता ऋतू. मे ते ऑक्टोबर पावसाळा, त्यात सप्टेंबर सर्वांत ओला. २०११ च्या महापुरात तर ऑक्टोबरमध्ये डॉन मुआंग विमानतळ बंद करावा लागला होता. एप्रिल कडक उन्हाचा, आणि १३ ते १५ तारखांना सोंगक्रानचा सण. त्या दिवसांत रस्तोरस्ती पाणी उडत असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा व सुसह्य. मात्र जानेवारीनंतर धुरकट हवेने दूरची दृश्ये पुसट होतात. पावसाळ्यातच जाणे भाग असेल, तर रोजच्या वेळापत्रकात छपराखालचा एखादा प्रसंग राखीव ठेवावा.

उष्ण कटिबंधातील प्रकाश फसवा असतो. दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. म्हणून बाहेरचे काम सकाळी व दुपार कलल्यावर, मधल्या वेळी आतले काम किंवा विश्रांती. संध्याप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटे टिकतो. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावरील वाट अरुण हे मंदिर नावाने पहाटेचे; पण पूर्व काठावरून पाहता सूर्य त्याच्यामागे मावळतो, त्यामुळे त्याची कृष्णाकृती टिपायची ती सायंकाळीच. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते व लोक स्तब्ध उभे राहतात. हिवाळ्यात सूर्यास्त नेमका त्याच सुमारास होतो. पथकानेही हात थांबवावेत, आणि वेळापत्रकात ती मिनिटे आधीच वजा धरावीत.

वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या भिंगावर दव साचते. ते पुसत बसण्यापेक्षा बंद पेटीतच अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. माणसांचीही तीच काळजी घ्यावी: सावली, क्षारमिश्रित पाणी आणि पहिल्या दिवशी हलके काम. मंदिरात खांदे व गुडघे झाकलेले असावेत; स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये.

हे सारे टाळून पर्यटक म्हणून शिरावे आणि गुपचूप चित्रीकरण उरकावे, असा मोह थोड्या पैशांत काम करणाऱ्या निर्मात्यांना होतो. पकडले गेल्यावर निर्माता कदाचित इंदुरात किंवा मुंबईत असतो. पोलिसांसमोर उभा राहतो तो बावीस वर्षांचा सहायक, आणि शिक्का बसतो त्याच्याच पारपत्रावर. म्हणून मुलगा किंवा मुलगी पथकाबरोबर निघण्यापूर्वी घरच्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात: कामासाठीच्या व्हिसाची प्रत, चित्रीकरणाची परवानगी, आजारपणाचा व अपघाताचा विमा, आणि परतीचे तिकीट. तिकडच्या समन्वयकाचा दूरध्वनी क्रमांकही घरी लिहून ठेवावा. रीतसर काम करणाऱ्या निर्मात्याला हे कागद दाखवणे जड जात नाही. जो टाळाटाळ करील, त्याच्याबरोबर मुलांना पाठवण्याची घाई करू नये.