चार्जिंगची गाडी आणि गटाचा हिशेब



गेले काही महिने गटांच्या बैठकांमधून आमच्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी येतो आहे. "पेट्रोलच्या गाड्या बंद होणार म्हणतात, मग आता घ्यायची तर चार्जिंगचीच घ्यावी का?" कुणाला लेकीच्या कॉलेजसाठी स्कूटी हवी आहे, कुणाला तालुक्याच्या बाजाराला भाजी न्यायची आहे, आणि एखाद्या गटाला मालवाहू तीनचाकी घेऊन धंदाच करायचा आहे. प्रश्न एक असला तरी या तिघींचं उत्तर एक नाही.

आधी "बंद होणार" या बोलण्याचं बघू. पेट्रोलच्या दुचाकी अमुक तारखेला बंद, असा देशभराचा कायदा झालेला नाही. दुकानदार तसं म्हणून घाई करत असेल तर सही न करता घरी या.

बंद होणं म्हणजे तरी काय? आपल्या डोळ्यांदेखत एसटीडी बूथ गेले. मोबाईल आला आणि पाच-सात वर्षांत पिवळी पाटी नावालाही उरली नाही. पण चूल तशी गेली नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघर शेगडी आली, तरी आजही कितीतरी घरांत चहा गॅसवर आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. कारण शेगडी एकदा मिळाली, सिलिंडर मात्र दर वेळी पैसे मोजून भरावा लागतो. आम्हाला वाटतं, खेड्यात पेट्रोलची गाडी एसटीडी बूथसारखी जाणार नाही, ती चुलीसारखी राहील. काही कामं बॅटरीवर जातील, काही पेट्रोल-डिझेलवर बरीच वर्षं चालतील. आपलं काम कुठलं, एवढंच ओळखायचं आहे.

जगात एक देश असा आहे जिथे ही अदलाबदल जवळजवळ पूर्ण झाली. युरोपातला नॉर्वे. तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १०० नव्या मोटारींपैकी ८९ निव्वळ बॅटरीवरच्या होत्या. तिथल्या सरकारने पेट्रोलच्या मोटारीवर जबर कर ठेवला आणि विजेच्या मोटारीला वर्षानुवर्षं करातून सोडवलं. वीजही त्यांच्याकडे धरणांच्या पाण्यावरची, भरपूर. तरीही तिथल्या रस्त्यावर पेट्रोल-डिझेलच्या जुन्या मोटारी आहेतच, कारण मोटार पंधरा-वीस वर्षं चालते. नवी विक्री थांबली म्हणून जुनी गाडी रस्त्यावरून उठत नाही. आपल्याकडे तर यात आणखी एक गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत कुणी विजेची गाडी घेतली की त्याची जुनी पेट्रोलची गाडी स्वस्तात विकली जाते, आणि ती शेवटी येते कुठे? आपल्याच गावात. म्हणून शहरात पेट्रोल कमी होईल तेव्हाही खेड्यात ते टिकून असेल.

आता विजेची गाडी चालवायला स्वस्त का पडते ते समजून घेऊ. पेट्रोलची गाडी दहा किलोमीटर चालवून आणल्यावर तिच्या सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा, लावू मात्र नका. जी धग लागते ती आपल्याच पैशाची. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ताकद चाकाला मिळते, बाकीची उष्णता होऊन हवेत जाते. विजेच्या मोटारीत शंभरातला ऐंशीच्या वर हिस्सा चाकाला मिळतो. शिवाय इंजिन ऑईल नाही, प्लग नाही, किक नाही. घाट उतरताना बऱ्याच गाड्यांची मोटार उलट वीज तयार करून थोडी बॅटरीत परत भरते.

आकडे मांडू. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि स्कूटीचं ॲव्हरेज ४५ धरलं, तर किलोमीटरला साधारण २ रुपये ३० पैसे पडतात. विजेच्या स्कूटीत ३ युनिटची बॅटरी असली तर ती भरायला भिंतीतून साडेतीन युनिट जातात, आणि आपल्या रस्त्यावर ती ८० किलोमीटर सहज चालते. युनिट १२ रुपये धरलं तरी ४२ रुपयांत ८० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५० पैशांच्या आसपास. प्रत्येक किलोमीटरमागे पावणेदोन-एक रुपया ऐंशी पैसे वाचले.

ऐकायला छान. पण खरी गंमत पुढे आहे. समजा विजेची स्कूटी पेट्रोलच्या स्कूटीपेक्षा २० हजारांनी महाग पडली, आणि ते वरचे २० हजार गटातून शेकडा २ रुपये महिना व्याजाने उचलले. म्हणजे महिन्याला ४०० रुपये नुसतं व्याज. आता जी ताई रोज ४ किलोमीटरवरच्या शाळेत जाऊन परत येते तिचे महिन्याच्या २५ दिवसांत २०० किलोमीटर होतात आणि वाचतात ३६० रुपये. व्याजसुद्धा निघालं नाही! उलट जी रोज ४० किलोमीटर फिरते, चार गावांत दूध घालते नाहीतर तालुक्याला कामाला जाते, तिचे महिन्याला हजार किलोमीटर होतात. तिचे वाचतात १८०० रुपये. व्याज जाऊनही १४०० उरतात, आणि सव्वा वर्षाच्या आत वरची रक्कम फिटते. गाडी तीच, गट तोच, व्याज तेच. फरक पडला तो रोजच्या पल्ल्याने. म्हणून बैठकीत कर्जाचा अर्ज आला की पहिला प्रश्न असा विचारा : रोज किती किलोमीटर?

किमतीतला फरक मात्र नक्की किती, ते कोटेशन हातात घेऊनच ठरवा, कारण तो सारखा हलतो आहे. २०२३ च्या मे अखेरपर्यंत केंद्र सरकार दुचाकीच्या बॅटरीमागे दर युनिटला १५ हजार रुपये अनुदान देत होतं. नंतर ते १० हजार झालं, मग ५ हजार, आणि एप्रिल २०२५ मध्ये अडीच हजारांवर आलं. दुसऱ्या बाजूला, २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या साध्या दुचाकीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो ५ टक्केच आहे. म्हणजे नणंदेने दोन वर्षांपूर्वी सांगितलेली किंमत आज धरून चालणार नाही.

वीजबिलाची भीती बऱ्याच जणींना वाटते. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे, त्याच्या वरच्या युनिटांना तो जवळजवळ दुप्पट होतो. पण दुप्पट होतो तो फक्त वरच्या युनिटांना, सगळ्या बिलाला नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्या ताईचे साधारण ४४ युनिट वाढतील. तिच्या घरचं बिल आधी ८० युनिटांचं असेल तर २० युनिट जुन्या दराने आणि २४ वाढीव दराने. आम्ही वर १२ रुपये धरले ते याचसाठी, थोडं चढंच धरलं.

त्याहून मोठी अडचण वस्तीवर राहणाऱ्यांची. गावठाणात दिवसभर वीज असते, मळ्यातल्या वस्तीला मात्र कितीतरी ठिकाणी अजून शेतीच्या लाईनवरून वीज येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि पाऊस आला की डीपी उडालेला. रिकामी बॅटरी भरायला चार-पाच तास सलग वीज लागते. तुमच्या घरी ती मिळते का, हे दुकानदाराला माहीत नसतं, तुम्हालाच माहीत असतं. मिळत नसेल तर गावठाणातल्या मैत्रिणीकडे किंवा गटाच्या खोलीवर चार्जिंगची सोय होते का ते आधी ठरवा, आणि बिलाचा वाटाही तेव्हाच ठरवा. मागाहून त्यावरून भांडणं होतात.

आता मालवाहू तीनचाकीचं. देशात सगळ्यात जास्त बदल इथेच झाला आहे. २०२४ साली भारतात विकल्या गेलेल्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त विजेच्या होत्या, दुचाकींत शंभरात सहाच्या आसपास, आणि मोटारींत जेमतेम दोन-तीन. असं का, हे वरच्या हिशेबातच आहे. रिक्षा दिवसभर फिरते, तिचा रस्ता ठरलेला असतो आणि रात्री ती घरीच येते. बॅटरीला यापेक्षा चांगलं काम नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली तीही यामुळेच. १७ शहरांत १० हजार रिक्षा, त्यात २० टक्के रक्कम सरकारची, १० टक्के बाईची आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. योजना शहरांसाठी आहे, आणि त्यातलं ७० टक्के हे कर्जच आहे, हे लक्षात असू द्या. गटाला गावात तीनचाकी चालवायची असेल तर तेलघाणा, पापड, भाजी मिळून रोज किती खेपा होतील ते वहीत महिनाभर लिहून काढा. उभी राहिलेली तीनचाकी पेट्रोल पीत नाही, पण हप्ता खाते.

बॅटरीबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते निम्मी किंमत तिचीच असते. जुन्या मोबाईलचं चार्जिंग जसं लवकर उतरायला लागतं तसंच हिचं होतं. पहिल्या वर्षी ८० किलोमीटर देणारी पाच-सहा वर्षांनी ६० देईल. तोवर महिन्याला ५०० रुपये वेगळे टाकले तर पाच वर्षांत ३० हजार जमतात. वाचलेल्या १८०० मधून हे करणं जड नाही, पण करायला हवं. स्वस्तातल्या काही तीनचाकींत अजून शिशाच्या, ॲसिडच्या बॅटऱ्या असतात. त्या रोजच्या वापरात वर्ष-दीड वर्षात बसतात. गाडी स्वस्त दिसते ती त्यामुळे.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटरना आगी लागल्या होत्या. त्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. काळजी आपणही घ्यायची. उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नका, बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्या. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात तर सकाळीच चार्ज करा. कडब्याच्या गंजीजवळ, घराच्या एकुलत्या दारात किंवा झोपायच्या खोलीत चार्जिंग नको. एक्स्टेन्शनची वायर लांबवर ओढू नका. वायरमनकडून मोठ्या पिनेचा स्वतंत्र बोर्ड आणि नीट अर्थिंग करून घ्या. हा खर्चही कोटेशनमध्ये नसतो.

ट्रॅक्टरचं काय, असं पुरुषमंडळी विचारतात. नांगरटीला तासाला चार लिटर डिझेल धरलं तर आठ तासांत ३२ लिटर. त्यातून जी कामाची ताकद निघते ती विजेत मोजली तर शंभरेक युनिट, म्हणजे तीस-बत्तीस स्कूट्यांच्या बॅटऱ्या एका दिवसात रिकाम्या! आणि नांगरटीच्या दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर एकदमच लागतो. तेव्हा ट्रॅक्टर, ऊसाचे ट्रक, वाड्या-वस्त्यांवरची वडापची जीप इतक्यात बदलणार नाही. एसटीचं मात्र सुरू झालं आहे. १९४८ साली पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि १ जून २०२२ ला विजेवरची पहिली शिवाई बसही त्याच मार्गावर.

"पण वीज कोळशाचीच ना?" हा प्रश्नही रास्त आहे. आपल्या राज्याची बरीच वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. आपल्या गल्लीतला धूर कमी होतो आणि तिथल्या बायांच्या अंगणात राख पडते, हे खरं आहे. तरी किलोमीटरमागे निघणारा कार्बन वायू पेट्रोलपेक्षा विजेच्या स्कूटीचा कमीच भरतो, कारण ती ताकद वाया घालवत नाही. छपरावर सौर पॅनेल असेल तर आणखी कमी.

दुकानात गेल्यावर कंपनीचा पल्ला शंभर सांगितला तर सत्तर-पंच्याहत्तर धरा. मागे कुणी बसलं, चढ लागला की आणखी उतरतो. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची ते कागदावर घ्या. दुरुस्तीचं केंद्र तालुक्यात आहे की जिल्ह्याला, ते विचारा. "लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही" म्हणून जी गाडी दाखवतात ती कायद्याने २५ किलोमीटरच्या वर पळता कामा नये आणि तिची मोटार २५० वॅटच्या आतली असावी लागते. पळत असेल तर ती कागदांशिवाय चालवणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

आणि आरसी बुकावर नाव कुणाचं? गटातून कर्ज बाईने काढायचं, हप्ता तिने भरायचा, आणि गाडी दिवसभर पोराच्या बुडाखाली, असं आम्ही फार ठिकाणी बघतो. गटाने ठराव करावा की गाडीचं कर्ज जिच्या नावावर, गाडीही तिच्याच नावावर, आणि तिचं लायसन्स निघाल्याशिवाय चेक निघणार नाही. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तेवढ्या दिवसांत दोन-तीन दुकानांची कोटेशनं आणि वायरमनचं काम दोन्ही उरकतं.